हा द्वीप चालला

४ फेब्रुवारी, दुपार

पोचलो. विमान, मग बस, मग लाँच. धक्क्यावर पाय ठेवला आणि डोळे भरून आले. ही म्हणाली, डिझेलचा धूर गेलाय डोळ्यांत, पुसा. बायकांना क्षण कळत नाहीत.

हे फक्त माझ्यासाठी लिहितो आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. लेक-जावयाने ही टूर आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून दिली आहे. हॉटेलात एक रंगीत माहितीपत्रकही मिळालं: बेटावर काय पाहाल, काय कराल. काचेच्या तळाची बोट, कासवांचा किनारा, पाण्याखालची प्रवाळबाग, टेकडीवरचं दीपगृह. पाहोत बापडे. मला एकच करायचं आहे. बेटाच्या काठावर उभं राहायचं, समोर समुद्र, शेजारी ही, आणि म्हणायचं:

हलत डोलत हा द्वीप चालला,
सर निळे बघुनी मनि हर्षला.

तिसरीत होतो. आमचा वर्ग आणि चौथीचा वर्ग यांच्यामध्ये नुसती फळ्यांची आडभिंत. पलीकडे चौथीची पोरं ही कविता एका सुरात म्हणायची आणि अलीकडे माझा पाढा चुकायचा. पुढच्या वर्षी मी चौथीत गेलो तर पुस्तकच बदललेलं! म्हणजे ती कविता मी कधी वाचली नाही, फक्त ऐकली. म्हणूनच ती माझी झाली. छापलेल्या कविता काय, सगळ्यांच्याच असतात.

पुढे सर्व्हे ऑफिसात नकाशे ट्रेस करण्यात हयात गेली. बेटांच्या कडा शाईने गिरवताना ओठांत हीच ओळ. घराचं नावसुद्धा ‘द्वीप’ ठेवलं. अरसिक लोक विचारतात, बेट चालेल कसं? होडीत बसून बघा म्हणावं. आणि ‘हे द्वीप’ न म्हणता ‘हा द्वीप’ का म्हटलं, तर कवीने बेटाला जिवाभावाचा माणूस मानलं म्हणून. ‘द्वीप’ या शब्दापाशी चाल किंचित ठेचकाळते. ती लाट आहे. थोर कवीच असं करू जाणे. आजवर ही लाट मी फार जपून म्हणत आलो.

हिने खास प्रवासासाठी शर्ट आणला आहे. त्यावर हत्ती! हिला हत्तींचं काय वेड आहे देव जाणे. दर वाढदिवसाला मला हत्ती. पितळी, लाकडी, चिनीमातीचा. शोकेसमध्ये सतराशे साठ हत्ती झाले. त्यांची धूळ मीच झटकतो. माणसाने दुसऱ्याच्या हौसेला जागा द्यावी.

संकल्प: रोज सूर्योदयाला उठणे. हिला कवितेतली एकेक जागा प्रत्यक्ष दाखवणे.

संध्याकाळ

खोली ‘सी व्ह्यू’ आहे असं सांगितलं होतं. खिडकीसमोर हॉटेलच्या चादरी वाळत घातल्या आहेत. समुद्र बाथरूमच्या झरोक्यातून दिसतो. त्यासाठी कमोडवर चढून मान उजवीकडे करावी लागते. ही चढली, बघितला आणि म्हणाली, दिसतोय की! हिला कोणीही फसवावं.

५ फेब्रुवारी

सूर्योदयाला उठलो नाही. प्रवासाचा शीण. सूर्य इथलाच आहे, उद्याही उगवेल.

ब्रेकफास्टला टूर मॅनेजरने शिट्टी फुंकली. पोरगेलासा आहे, गळ्यात शिट्टी, सगळ्यांना काका-काकू म्हणतो. म्हणाला, आज काचेची बोट. हिचा चेहरा एकदम उजळला. अहो, पायाखाली मासे दिसतात म्हणे! मी मॅनेजरला बाजूला घेऊन सांगितलं, आम्ही दोघं येणार नाही, आम्हाला दंत शोधायचा आहे. तो म्हणाला, काका, बेटावर डेंटिस्ट नाही हो, पण दाढ ठणकत असेल तर माझ्याकडे गोळी आहे.

या पिढीला काय सांगणार? तिसरी ओळ आहे:

धवल दंत जणू शशि कोवळा.

पांढऱ्या वाळूचा, चंद्रकोरीसारखा वळलेला किनारा. बेटाचा शुभ्र दात! या उपमेपुढे मी कित्येकदा नुसता बसून राहिलो आहे. हिला घेऊन किनाऱ्याने निघालो. पहिला किनारा काळ्या खडकांचा. दुसरा कोरीसारखा होता, पण तिथे होड्या पालथ्या घालून डांबर फासत होते. तिसऱ्याला तारेचं कुंपण. ऊन मी म्हणत होतं. ही मधूनच म्हणायची, अहो, आता तरी परत फिरू या का? मला मासे बघायचे होते. मी तिला समजावलं की कवितेत मासे नाहीत.

नाकाचं साल निघालं. हिने दही लावलं.

जेवताना शेजारच्या टेबलावर हेडबाई होत्या. या आमच्या ग्रुपमधल्या रिटायर्ड हेडमास्तरीणबाई. एकट्याच आल्या आहेत. पायात पळायचे बूट, आवाज प्रार्थनेच्या रांगेला पुरेल एवढा. त्या काचेच्या बोटीत जाऊन आल्या होत्या. हिने त्यांना माशांबद्दल किती प्रश्न विचारावेत! रंग कोणते, झोपतात का, आपल्याला बघतात का. मला कवितेबद्दल हिने आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही. म्हणजे तिला ती पूर्ण समजली आहे.

६ फेब्रुवारी

सूर्योदय हुकला. मॅनेजर शिट्टी वाजवायला विसरला. जबाबदारी कोणाची?

आज मात्र मनासारखं. होडीची सफर. हिला होडीच्या पुढच्या टोकाला माझ्याशेजारी बसवलं आणि म्हटलं, आता बघ हं, बेट कसं चालतं. धक्का सुटला आणि खरोखर! बेट हललं. डोललं. मग पुन्हा हललं. मग वर गेलं, मग खाली आलं. मी पहिली ओळ उच्चारली. दुसऱ्या ओळीआधी माझा नाश्ता चालला.

मी कठड्यावर ओणवा. हिचा एक हात माझ्या पाठीवर फिरतोय, एवढ्यात ही ओरडली, अगंबाई, कासव! बघा, बघा, तुमच्या खालीच आहे! हात पाठीवर, नजर कासवावर. सहजीवनात अशा गोष्टी मनाला लागतात. मी बोलून दाखवलं नाही. बोलण्याच्या स्थितीतही नव्हतो.

पण कवी स्वतः होडीत बसला होता, हे आज सिद्ध झालं.

७ फेब्रुवारी

सूर्योदयाचा संकल्प तूर्त मागे घेतला आहे. कवितेत सूर्योदय नाही.

आज दीपगृहाची टेकडी. वरून अख्खा दंत एका नजरेत दिसेल, हा माझा हिशेब. ही म्हणाली, माझं डोकं जड झालंय, तुम्ही जाऊन या, मी पडते जरा. बिचारी. मी म्हटलं, थांबतो. ती म्हणाली, नको नको नको. तीनदा. माझा आनंद हुकू नये म्हणून किती ती धडपड!

टेकडी चढलो. दीपगृह दुरुस्तीसाठी बंद. कट्ट्यावर एक मोठी दुर्बीण बसवली आहे, तिला डोळा लावला. दंत दिसला नाही, पण उथळ पाण्यात एक विलक्षण जलचर दिसला. निळा, चांगला गुबगुबीत, डोक्यावर शिंगासारखी ताठ नळी. बराच वेळ उपडा तरंगत होता. मध्येच उलटला आणि त्याने एक पर उंचावून माझ्या दिशेने हलवला. शेजारी त्याच जातीचा दुसरा, जरा हडकुळा. निसर्ग काय एकेक घडवतो! मीही हात हलवला.

परत आलो तर ही पलंगावर बसून केस पुसत होती. म्हणाली, डोकं धुतलं, बरं वाटलं. डोळ्यांभोवती लाल गोल वळ उठले होते, दोन्हीकडे सारखे. माझ्यावाचून दुपारभर रडली असावी. मी विचारलं नाही. काही गोष्टी न विचारण्यातच प्रेम असतं.

८ फेब्रुवारी, दुपार

ठरलं. आज संध्याकाळी हॉटेलच्या हिरवळीवर ग्रुपचा कार्यक्रम आहे. ज्याला जे येतं त्याने ते सादर करायचं. मॅनेजरकडे नाव दिलं: काव्यगायन. त्याने विचारलं, काका, किती मिनिटं? म्हटलं, कविता चारच ओळींची आहे, पण आधी रसग्रहण लागेल. तो म्हणाला, मग तुम्हाला जेवण सुरू झाल्यावर घेतो.

दंत मिळाला नाही, होडीत जमलं नाही, पण हिरवळीला लागूनच समुद्र आहे. समोर श्रोते, शेजारी ही. याहून जास्त काय हवं?

हिला सांगितलं तर हिने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, ती नका ना म्हणू. दुसरी एखादी म्हणा. ती घरातली कविता आहे, घरात ठीक आहे. आमच्या दोघांची कविता चारचौघांत जाऊ नये असं तिला वाटतं! मी तिला थोपटून म्हटलं, कविता वाटल्याने कमी होत नाही. तिने कपाळावर हात मारला. भावना अनावर झाल्या की ती असं करते.

नवा शर्ट घालणार आहे. हत्ती तर हत्ती. तिचंही मन राखलं पाहिजे.

९ फेब्रुवारी, सकाळ

काल रात्री लिहिलं नाही. आज क्रमाने लिहितो.

रसग्रहण उत्तम झालं. लोक जेवत होते, पण माना डोलत होत्या. मग समुद्राकडे तोंड करून चारही ओळी म्हटल्या, लाटेसकट. शेवटची ओळ तर पहाडी आवाजात:

जल उडे, थरके तट मोकळा!

पहिली टाळी हेडबाईंची. उठून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, अहा! किती वर्षांनी ऐकली हो हत्तीची कविता! आणि शर्टसुद्धा आठवणीने हत्तीचा घातलात, याला म्हणतात रसिक!

मी हसून म्हटलं, बाई, हत्तीची नव्हे, बेटाची. मघाशी मी सविस्तर सांगितलं.

त्या म्हणाल्या, मला वाटलं गंमत करताय. अहो, द्विप! द्वि ऱ्हस्व. दोनदा पितो तो द्विप. आधी सोंडेने, मग तोंडाने. हत्ती हलत डोलत तळ्यावर आलाय. सर म्हणजे सरोवर, समुद्र कुठला? पाणी बघून स्वारी खूश झालीय. दंत म्हणजे सुळा. पाणी उडवतोय, काठ हादरतोय. चौथीतल्या पोरालासुद्धा कळायचं. बेट कसं चालेल हो?

मी म्हटलं, होडीतून.

कोणीतरी फिस्सकन हसलं. बाई म्हणाल्या, ऱ्हस्व म्हणून बघा, तुमची ती ठेचसुद्धा जाईल. आणि त्यांनी सगळ्या ग्रुपकडून म्हणवून घेतली. प्रार्थनेसारखी. हलत डोलत हा द्विप चालला. कुठे अडखळली नाही, कुठे थांबली नाही. घसरगुंडीवरून उतरावी तशी उतरली. माझी लाट एका ऱ्हस्व इकाराने ओसरली. मॅनेजरने एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताची सोंड करून दाखवली. टाळ्या त्याला.

मी हिच्याकडे पाहिलं. आता ही उठेल, बोलेल. हिची मान खाली, पदर तोंडाला, खांदे हलत होते. वाटलं, माझ्यासाठी रडते आहे. जवळ गेलो. हसत होती.

आज सकाळी चहा घेताना सरळ विचारलं, तुला ठाऊक होतं?

म्हणाली, हो. आमच्या पुस्तकात चित्र होतं ना. पानभर हत्ती.

ही माझ्याहून वर्षाने मोठी आहे. ही गोष्ट आमच्या घरात कधी उच्चारली जात नाही. फळ्यांपलीकडे चौथीची पोरं कविता म्हणत होती, तेव्हा दुसऱ्या कुठल्यातरी गावात, दुसऱ्या कुठल्यातरी चौथीत, ही तीच कविता चित्रासकट वाचत होती.

मग मी पहिल्या भेटीत, बागेतल्या बाकावर, तुला ही कविता म्हणून दाखवली तेव्हा?

म्हणाली, मला वाटलं, हत्तीवर एवढा जीव आहे, म्हणजे माणूस मऊ मनाचा असणार. म्हणून तर हो म्हटलं.

म्हणजे होकार हत्तीला होता.

पुढचं ऐकवत नव्हतं, तरी ऐकलं. घराची पाटी आली तेव्हा दीर्घ वेलांटी बघून हिला वाटलं, पेंटर चुकला. मग पाहुण्यांसमोर मी अर्थ सांगितला तेव्हा हिला खरा प्रकार कळला. सांगणार होते, म्हणाली, पण तेवढ्यात तुम्ही दुसऱ्यांदा म्हणून दाखवायला लागलात. मग राहूनच गेलं.

आणि ते हत्ती?

म्हणाली, म्हटलं कधीतरी आपोआप लक्षात येईल.

म्हणजे त्या सूचना होत्या. सोंडेसकट. शोकेस भरून. आणि मी त्यांच्यावरची धूळ झटकत होतो.

पण सांगायचंस ना एकदा तरी, मी म्हटलं. इतक्या वर्षांत एकदा! त्यावर ती शांतपणे म्हणाली, तुम्ही कधी विचारलंत का मला, तुला ही कविता कशी वाटते? तुम्ही ऐकवत होतात. मी ऐकत होते. मला आवडते ती. हत्ती फार गोड आहे.

आणि दुसरा टोस्ट घेतला.

१० फेब्रुवारी

अबोला धरला आहे. कडक. आयुष्यभर ज्या एका श्रोत्यावर विसंबलो, तो मनातल्या मनात हत्ती बघत होता. याहून मोठा विश्वासघात इतिहासात असला तर मला माहीत नाही.

दिवसभर विचार केला. कवी चुकला असण्याची शक्यता आहे. त्याला बेटच म्हणायचं होतं आणि पुस्तकवाल्यांनी दीर्घ वेलांटी ऱ्हस्व करून वर चित्र छापलं, असंही झालं असेल. शिवाय हत्तीच्या आकाराचं एक बेट मी स्वतः ट्रेस केलं आहे, सोंडेच्या जागी दीपगृह होतं. हेडबाईंना हे सांगायला गेलो. त्या बोटांवर मात्रा मोजायला लागल्या. मी आभार मानून निघून आलो.

अबोल्याचा हिच्यावर काय परिणाम झाला? काहीही नाही. सकाळी निळं लाइफ जॅकेट घालून, पाण्यात बघायची काच आणि श्वासाची नळी कपाळावर चढवून, माझ्यासमोरून हेडबाईंबरोबर प्रवाळ बघायला गेली. निळी. गुबगुबीत. नळी ताठ.

दुपारी आली. डोळ्यांभोवती लाल गोल वळ, दोन्हीकडे सारखे. म्हणाली, त्या दिवशी टेकडीवर तुम्हीच होतात ना? मी खालून हात केला होता. तुम्ही पण केलात, मला इतकं बरं वाटलं.

अबोला होता. म्हणून निभावलं.

रात्रीच्या जेवणाला म्हणाली, आजचा दिवस काय छान, शांत गेला नाही? तिला अबोला समजलाच नव्हता.

११ फेब्रुवारी, धक्क्यावर, लाँचची वाट बघताना

सकाळी ही म्हणाली, शेवटचा दिवस आहे, आज तुम्ही पण चला पाण्यात, कमरेएवढंच आहे. अबोल्यात नाही म्हणता येत नाही, ही अबोल्यातली मोठी उणीव आहे. पाण्याच्या काठी मला लाइफ जॅकेट चढवलं, डोळ्यांना काच लावली, नळी तोंडात खुपसली आणि ढकललं. हिनेच.

मनाशी ठरवलं होतं की निदान समुद्रात तरी ती ओळ दीर्घ म्हणून टाकायची, माझी मला. तोंड उघडलं आणि खारट पाणी घशात. हिने पाठीवर थापट्या मारल्या आणि नळी पुन्हा खुपसली. दातांत घट्ट धरा, म्हणाली, आणि खाली बघा.

खाली बघितलं. हळदी रंगाचे मासे, कागदासारखे पातळ, माझ्या नकाशावर शाई उतरायची तसे खडकाच्या कडेकडेने चालले होते. ही बोटाने दाखवत होती, मी बघत होतो. एक निळा होता. एक तिरका पोहत होता, त्याचं त्यालाच ठाऊक. तिने माझा हात धरला होता आणि सोडला नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मनात कविता आली नाही.

बाहेर आल्यावर वाळूवर बसलो. ही केस पिळत म्हणाली, एवढं छान मला तुमच्याबरोबर कधीच वाटलं नव्हतं हो.

साहजिकच अबोला सोडला. म्हटलं, मला कल्पना होतीच. माझ्या सहवासात निसर्गाला एक वेगळा अर्थ येतो, असं ऑफिसातही म्हणायचे. शिवाय आपलं इतक्या वर्षांचं नातं, त्यातून समुद्र, त्यावरून आठवलं...

ती म्हणाली, नाही हो. तुमच्या नळीमुळे.

मग धक्क्याजवळच्या दुकानात गेली. पिशवी घेऊन आली, त्यात नवी नळी, एकच. म्हटलं, घरी कुठे आहे समुद्र? म्हणाली, समुद्र कशाला हवाय?